चौदावी पाहुणी

फेरागोस्तोच्या दिवशी जो माणूस तोरिनोमध्ये सापडतो, त्याच्याकडे एक तर गाडी नसते, नाही तर माणसं नसतात. एर्सिलियाकडे दोन्ही नव्हतं.

ऑगस्टच्या मध्यावर हा सण आला की शहर समुद्राकडे पळतं, उरलंसुरलं डोंगराकडे. बेकरीवाल्याने शटरवर ‘सप्टेंबरात भेटू’ अशी चिठ्ठी चिकटवली होती. भाजीवाल्याने तेवढीही तसदी घेतली नव्हती. एर्सिलिया राहायची त्या जुन्या इमारतीत मधल्या चौकाभोवती चार मजले होते आणि प्रत्येक मजल्याला लोखंडी कठड्याची गॅलरी होती. एरवी त्या गॅलऱ्यांमधून दिवसभर भांडणं, रेडिओ आणि धुण्याचं पाणी खाली गळत असायचं. आज सगळ्या खिडक्यांच्या झडपा बंद होत्या.

एर्सिलियाने दिवस ढकलायचा बेत पक्का केला होता. उशिरा उठायचं, झडपा उघडायच्याच नाहीत, फ्रीजमधली कालची कॉफी थंडच प्यायची, दुपारी काहीतरी तोंडात टाकायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. बहीण गेल्यानंतरचा हा पहिला फेरागोस्तो. नोर्मा फेब्रुवारीत गेली. दोघी बहिणी बिनलग्नाच्या. शेजारच्या गल्लीत त्यांचं बटणं-दोऱ्यांचं दुकान होतं. ते त्यांनी एकत्र चालवलं, एकत्र बंद केलं आणि म्हातारपणही एकत्रच काढायचं ठरवलं होतं. नोर्माने ते ठरवलेलं मोडलं. सणावाराला आपल्याला कुठेही जायची जागा नाही, हे एर्सिलियाला तोवर कधी कळलंच नव्हतं. समोर नोर्मा बसलेली असली की ती जागा आपोआप व्हायची.

अशात दारावर टकटक झाली.

दारात तिसऱ्या मजल्यावरची फिओरेंझा बेर्तोलीनो उभी होती. इतक्या वर्षांच्या शेजारात तिचं आणि एर्सिलियाचं बोलणं फक्त दोन विषयांवर झालं होतं: तुंबलेलं गटार आणि वरून गळणाऱ्या चादरी. त्यामुळे एर्सिलियाला वाटलं, गटार तुंबलं.

“सिन्योरा एर्सिलिया, झोपमोड तर नाही ना केली?”

“छे हो. गटार का?”

“गटार? नाही नाही!” फिओरेंझा हसली. “आज दुपारी आमच्याकडे जेवायला यायचं. खाली चौकात टेबल मांडतोय. नाही म्हणायचं नाही.”

“मी?” एर्सिलियाने मागे वळून पाहिलं, जणू घरात आणखी कोणी होतं. “पण तुमच्या घरचे सगळे असतील.”

“आहेतच की. सासूबाईंचं कमरेचं हाड मोडल्यापासून त्यांना कुठे नेता येत नाही. म्हणून या खेपेला सगळं गणगोत इथेच येतंय. त्यात एक माणूस वाढलं तर काय बिघडतं? उलट…” ती थबकली. “उलट बरंच.”

“काही आणू का?”

“अजिबात नको. वासराचं मांस कालच उकडून ठेवलंय, वरचा सॉस बाटलीतला. आमच्या सासूबाई बाटलीच्या नावाने बोटं मोडतील, पण या उकाड्यात अंडी उकडत कोण बसणार? तुम्ही फक्त वेळेवर या. म्हणजे, सगळे बसायच्या आत.”

दार लावून एर्सिलिया तिथेच उभी राहिली. तिला इतका आनंद झाला की तिची तिलाच लाज वाटली. अडुसष्ट वर्षांची बाई, आणि जेवायला बोलावलं म्हणून छाती धडधडते! पण धडधडत होती खरी. तिने झडपा उघडल्या, निळा झगा काढला, त्याचं निघालेलं बटण लावलं. दुकान गेलं तरी बटणांची तिच्याकडे ददात नव्हती.

आता प्रश्न हातात काय न्यायचं याचा होता. रिकाम्या हाताने जाणं तिच्या आईच्या घरात बसत नव्हतं, तिच्याही घरात नव्हतं. शहरातली सगळी दुकानं बंद. तिने कपाट उघडलं. ट्यूना माशाचे दोन डबे, खारवलेल्या आंचोव्ही मासळ्यांची छोटी बाटली, मिठात मुरवलेल्या केपरच्या कळ्या, कालचा कडक झालेला पाव, एक लिंबू. बाटलीतल्या सॉसबद्दल फिओरेंझा बोलून गेली होती ते तिच्या डोक्यात बसलं होतंच. थंड मांसावर ट्यूनाचा सॉस इथे सगळ्यांच्या घरी होतो. आपण घरचा नेला तर?

फक्त एक अडचण होती. सॉस करायची ती नोर्मा. अंडी उकडायची, पिवळा बलक चाळणीतून काढायचा, मांसाच्या पाण्यात सैल करायचा, असा तिचा तासाभराचा कारखाना चालायचा आणि एर्सिलियाच्या वाट्याला यायची चाळणी धुणं. न शिजवता, नुसता वाटून केलेल्या सॉसला नोर्मा ‘आळशी बायकांचा सॉस’ म्हणायची आणि म्हणताना नाक मुरडायची.

“आळशी तर आळशी,” एर्सिलिया मोठ्याने म्हणाली. अंडी घरात नव्हतीच आणि त्या गरमीत गॅसच्या जवळ जायची तिची तयारी नव्हती.

तिने शिळ्या पावाचा मऊ भाग काढून व्हिनेगरमध्ये भिजवला. केपरचं मीठ धुतलं, एकदा, मग जीव राहिना म्हणून पुन्हा. मग आंचोव्ही मासळ्या दगडी खलात घालून आधी त्याच वाटल्या. त्या विरघळल्या की केपर, मग पिळलेला पाव, मग डब्यातला ट्यूना. डब्यांच्या तळाचं तेल तिने ठेवून दिलं आणि चांगलं ऑलिव्ह तेल बारीक धारेने सोडत राहिली. पावामुळे मिश्रण फुगलं, दोन डबे चार डब्यांचे वाटायला लागले. शेवटी लिंबू आणि कुंडीतली मूठभर पार्सली. बत्ता फिरवून तिचं मनगट दुखायला लागलं, पण सॉस मऊ झाला, फिकट झाला, चमच्यावरून सावकाश घसरायला लागला.

तिने चमचा चाखला आणि सवयीने समोर धरला. “मीठ बघ.”

समोर भिंत होती. मीठ बरोबर आहे की नाही हे एकट्या माणसाला ठरवता येत नाही, निदान एर्सिलियाला येत नव्हतं. ती थोडा वेळ चमचा धरून उभी राहिली. मग थोडं लिंबू आणखी पिळलं आणि सगळा सॉस, खल पुसून, मोठ्या पांढऱ्या भांड्यात काढला. स्वतःसाठी तिने काही ठेवलं नाही. ती तिथेच जेवणार होती ना.

चौकात दोन टेबलं जोडून वर चादर अंथरली होती. खुर्च्या ज्या मिळाल्या त्या, एकीची उंची दुसरीशी जुळत नव्हती. टेबलाच्या टोकाला आरामखुर्चीत फिओरेंझाची सासू बसली होती. तिला सगळेच नोन्ना क्लेलिया, म्हणजे क्लेलिया आजी, म्हणत, सख्खी नातवंडंही आणि परकेही. नोन्नाला ऐकू कमी यायचं, त्यामुळे तिचं कुजबुजणं चौथ्या मजल्यापर्यंत जायचं.

एर्सिलिया भांडं घेऊन पुढे आली तशी नोन्ना सुनेला कुजबुजली, “हीच का ती चौदावी?”

फिओरेंझा टोमॅटोसारखी लाल झाली.

एर्सिलियाला सगळं कळलं. न कळायला ती काय परदेशातून आली होती? बेर्तोलीनो मंडळी तेरा भरत होती. टेबलावर तेराजण बसले तर त्यातलं एक वर्षाच्या आत जातं, आणि जो आधी उठेल तो तर नक्की जातो. तिच्या आईने एका नाताळला याच भीतीने रस्त्यावरच्या पोस्टमनला धरून आणून जेवू घातलं होतं. एर्सिलिया आणि नोर्मा या गोष्टीवर पोट धरून हसायच्या, पण तेराव्या खुर्चीवर दोघींपैकी एकही कधी बसली नव्हती. त्यामुळे चीड त्या समजुतीची नव्हती. आपल्याला माणूस म्हणून नाही, आकडा म्हणून बोलावलं, हे मात्र तिला झोंबलं.

परत फिरावंसं वाटलं. पण वर काय होतं? बंद झडपा आणि पलंग. इथे निदान खुर्ची होती. खुर्ची कशासाठी मांडली यावर तिचं लाकूड बदलत नाही, असं तिने स्वतःला समजावलं.

“हो नोन्ना, मीच ती चौदावी,” ती मोठ्याने, ऐकू जाईल अशी म्हणाली. “आणि हा माझा सॉस.”

फिओरेंझाचा नवरा अल्दो आधी हसला, मग सगळेच हसले. नोन्नाने पावाचा तुकडा मोडून भांड्यात बुडवला, तोंडात टाकला, डोळे मिटले.

“अंडं नाही यात.”

“नाही. आज मी गॅस पेटवलाच नाही. सकाळची कॉफीसुद्धा कालचीच, गार प्यायले.”

“अंडं नसूनही चांगला झालाय,” नोन्ना म्हणाली. “फिओरेंझा, ती तुझी बाटली उचल इथून. मांजराला घाल.”

“मांजर उपाशी राहील, पण ते खाणार नाही,” अल्दो म्हणाला आणि त्याने ग्लास उंचावला. “गॅस न पेटवणाऱ्या बायकांच्या नावाने!”

एर्सिलियाला नोन्नाच्या शेजारची खुर्ची मिळाली. नोन्नाने तिला मीठ किती, पाव कुठला, केपर किती वेळा धुतले हे सगळं विचारून घेतलं आणि प्रत्येक उत्तरावर मान डोलावली. नोन्नाच्या दोन्ही नाती पलीकडे बसून पाय हलवत होत्या. त्यांच्यापैकी एकीने एर्सिलियाच्या झग्याचं बटण आवडलं म्हणून सांगितलं. फेब्रुवारीपासून एर्सिलिया इतकं बोलली नव्हती. तिचा घसा कोरडा पडला, तिने वाइनचा घोट घेतला आणि तिला वाटलं, चौदावी तर चौदावी, काय वाईट आहे?

आता फक्त अल्दोचा चुलतभाऊ रेन्झो यायचा होता.

“येतोय ना नक्की?” फिओरेंझाने विचारलं.

“येतो म्हणालाय. म्हणजे येण्याची शक्यता आहे.”

तेवढ्यात अल्दोचा फोन वाजला. नोन्नालाही ऐकू जावं म्हणून त्याने आवाज मोठा केला.

“अल्दो, गाडीने मान टाकली रे! आस्तीच्या बाहेर पडलो आणि पहिल्याच चढावर धूर. आता कुठला मेकॅनिक मिळतोय? तुम्ही जेवून घ्या, मी घरी जातो चालत.”

अल्दोने फोन खिशात ठेवला. बोटांवर कोणी मोजलं नाही, पण एकेकाची नजर टेबलाभोवती फिरली आणि फिरता फिरता एकाच जागी येऊन थांबली. एर्सिलियानेही मोजलं. तिचाही आकडा तोच आला. जिच्यामुळे तेरा टळणार होते, तिच्यामुळेच आता तेरा होत होते.

“काही होत नाही,” अल्दो म्हणाला. “मागच्या शतकातल्या गोष्टी आहेत.”

“मागच्या शतकात माझे मामा तेरावे बसले होते,” नोन्ना म्हणाली. “पुढचा नाताळ पाहिला का त्यांनी?”

“आई, ते ब्याण्णव वर्षांचे होते.”

“मग? त्र्याण्णवचे झाले असते!”

“मुलींना छोटं टेबल लावून देऊ,” फिओरेंझा म्हणाली.

“आम्ही नाही जाणार!” नाती एका सुरात ओरडल्या. “आम्ही नोन्नाजवळच बसणार!”

“नका जाऊ गं, माझ्या बाळांनो,” नोन्ना म्हणाली, आणि तो विषय तिथेच मिटला.

फिओरेंझाने एर्सिलियाकडे पाहिलं. बाई वाईट नव्हती. तिच्या चेहऱ्यावर अपराधी भाव होता, पण सकाळपासून राबून ती दमली होती, मांस उन्हात गरम होत होतं आणि सगळे भुकेले होते.

“सिन्योरा एर्सिलिया, तुमच्यासाठी इथेच बाजूला छोटं टेबल लावलं तर? अगदी खेटून हो. बोलता येईल सगळ्यांशी.”

एर्सिलियाच्या डोळ्यांसमोर ते टेबल आलं. बाराजणांचं घर एकीकडे आणि शेजारी एका ताटाचं तिचं टेबल, अगदी खेटून. एकटं जेवायचंच असेल तर त्याला निदान चार भिंती असाव्यात.

“अगं बाई,” ती उठत म्हणाली, “माझा गॅस चालूच राहिला की वर.”

“पण तुम्ही तर म्हणालात…” अल्दोने तोंड उघडलं आणि लगेच कळवळला. टेबलाखाली फिओरेंझाचा पाय त्याच्या पायावर पडला होता.

“बघून या हं,” फिओरेंझा म्हणाली. “सावकाश या. घाई करू नका.”

टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं की त्या घरात आज गॅस पेटलेलाच नाही. एकानेही ते म्हटलं नाही. एर्सिलिया जिना चढत असताना मागे ताटं वाढल्याचा आवाज सुरू झाला.

वर आल्यावर तिने झडपा ओढून घेतल्या. आपण गॅलरीत दिसलो तर खालच्यांना अवघडल्यासारखं होईल, असा विचार तिने केला आणि मग त्या विचाराचाच तिला राग आला. गार पडलेल्या शेगडीसमोर ती उभी राहिली. तिला भूक लागली होती. घरात खायला काय होतं? डब्यांच्या तळाचं तेल आणि पावाचा कडक पापुद्रा. तिने पापुद्रा तेलात बुडवून दोन घास चावले. माशाच्या वासाच्या त्या तेलाला सॉसची चव नव्हती.

मग तिला राग आला तो नोर्माचा. फिओरेंझाचा नाही, म्हातारीचा नाही, त्या रेन्झोच्या भंगार गाडीचाही नाही. नोर्मा असती तर दोघींना मिळून बोलावलं असतं, आणि आज खाली बारा अधिक दोघी असे चौदाजण झाले असते. नोर्मा नाही म्हणून ती एक होती, आणि एक माणूस कुठल्याच टेबलावर नीट बसत नाही. ती स्टुलावर बसली आणि रडली. फार नाही, पण आवाज करून रडली, कारण ऐकायला कोणी नव्हतं.

खालून हसण्याचे आवाज येत होते. कोणीतरी म्हणालं, “सॉस पुढे सरकवा.” पुन्हा कोणीतरी म्हणालं, “अजून सरकवा.”

आणि मग चौकाच्या कमानीतून मोटारसायकल फटफटत आत आली.

“आलो!” एक पुरुषी आवाज गरजला. “गाडी दिली सोडून, मित्राची फटफटी आणली! माझी खुर्ची कुठाय?”

“बसू नकोस!” नोन्नाची किंकाळी चारी मजल्यांवर गेली. “उठा! सगळे उठा! एकदम! एकाने आधी उठायचं नाही! मला मागे ओढा रे कोणीतरी!”

खुर्च्या एकाच वेळी खरखरल्या. एर्सिलिया डोळे पुसत झडपेजवळ गेली आणि फटीतून पाहू लागली.

अख्खं कुटुंब उभं होतं. नोन्नाला आरामखुर्चीसकट टेबलापासून दोन हात मागे ओढलं होतं. अल्दोच्या हातातल्या काट्याला मांसाचा काप होता आणि त्यावरचा सॉस चादरीवर टपकत होता. हेल्मेट काखेत धरून रेन्झो भांबावून सगळ्यांकडे बघत होता.

“मला पाहून उभे राहिलात?” तो म्हणाला. “एवढा मान मला कधी दिला नव्हता कोणी.”

“तुला कोण मान देतंय! टेबलाला हात लावू नकोस, तेरा होतील.” फिओरेंझाने मान वर केली आणि दुसऱ्या मजल्याकडे बघत हाक मारली, “सिन्योरा एर्सिलिया! गॅस बंद झाला का हो? या ना खाली! जेवण थांबलंय तुमच्यासाठी!”

एर्सिलिया फटीपासून एक पाऊल मागे सरकली.

“सिन्योरा एर्सिलिया!” आता अल्दोनेही साद घातली, मग दोन्ही नातींनी, मग ज्याने तिला कधी पाहिलंही नव्हतं त्या रेन्झोनेही. “सिन्योरा एर्सिलिया!” रिकाम्या इमारतीत तिचं नाव एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर आदळत होतं.

का बोलावतात ते तिला ठाऊक होतं. ती जाणार हेही तिला ठाऊक होतं. मान-अपमान करत बसण्याएवढी तिची श्रीमंती नव्हती. ती आरशापुढे गेली, तोंडावर पाणी मारलं, केस विंचरले, झगा सारखा केला. मग दाराकडे जायचं सोडून पुन्हा झडपेपाशी आली.

ते अजून उभेच होते. मांस उन्हात सुकत होतं, माश्या घोंघावत होत्या, मुली पाय बदलत होत्या. कोणी खात नव्हतं, कोणी बसत नव्हतं, आणि झाडून सगळ्यांचे डोळे तिच्या खिडकीला लागले होते. ती येईपर्यंत त्यांचा सण पुढे सरकणार नव्हता. फेब्रुवारीपासून एर्सिलियाने डॉक्टरची वाट पाहिली होती, बसची पाहिली होती, रात्र सरण्याची पाहिली होती. तिची वाट मात्र कोणी पाहिली नव्हती.

“आलेच,” ती खाली ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, आणि तशीच उभी राहून त्यांच्याकडे बघत राहिली.